आधी हसणारे गेनू तात्या

आमच्या सांगवीचे गेनू तात्या विनोद व्हायच्या आधी हसत.

नंतर हसणारे पुष्कळ असतात. पडद्यावरचा हवालदार शिडीवरून रंगाच्या बादलीत पडला की अख्खा तंबू हसतो, त्यात मोठेपणा तो काय? पण हवालदार अजून शिडीच्या पायथ्याशी मिशीला पीळ देत उभा आहे, कुणाच्या ध्यानीमनी काही नाही, आणि पुढच्या रांगेतून एकदम "ख्यॅ ख्यॅ ख्यॅ" असा आवाज येतो, म्हणजे ओळखावं, आता काहीतरी होणार. तात्या हसले की लोक सावरून बसत. कडेवरची पोरं खाली ठेवत. कोऱ्हाळ्याची, कऱ्हाटीची माणसं तिकिटाच्या खिडकीत आधी विचारत, "तात्या हायेत का आज?" हायेत म्हटलं तरच पैसे बाहेर काढत. पुण्याच्या एका तरी थेटरात असा माणूस होता का? असला तर दाखवा मला. मी सांगवीच्या शाळेचा मास्तर आहे, मी थापा मारत नाही.

आणि हे मी तंबूच्या आतल्या गोटातून सांगतोय. त्या वर्षी मुंबई-पुण्याला चित्रं बोलायला लागली होती, पण बारामतीला येणारा तंबू अजून मुक्या चित्रांचाच होता. मधूनमधून पडद्यावर इंग्रजी अक्षरांची पाटी यायची. ती वाचून मराठीत ओरडून सांगायला तंबूच्या शेठला माणूस हवा होता. माझी इंग्रजी चार इयत्ता झालेली. त्यामुळं पडद्याच्या उजव्या अंगाला पेटीवाला आणि डाव्या अंगाला मी, अशी आमची जागा ठरली. पेटीवाल्याला तीनच चाली येत होत्या आणि मला इंग्रजीही बेताचंच येत होतं, पण तंबू भरायचा!

चित्र होतं दोन चोरांचं. एक ताडमाड उंच आणि एक बुटका. दोघं मिळून एका श्रीमंताच्या घरावर डल्ला मारायला निघतात आणि त्यांच्या हातून एक म्हणून काम धड होत नाही. शिडी लावतात ती हवालदाराच्याच भिंतीला. तिजोरी म्हणून ओढून नेतात ती लोखंडी शेगडी निघते. कुत्र्याला गप्प करायला भाकरी टाकतात तर कुत्रा जन्माचा मागं लागतो. कुणाला इजा नाही, कुणाचं वाटोळं नाही, पण हवालदार मात्र सतरा वेळा पडतो. आता तुम्हीच सांगा, आमच्या मुलखात हवालदार पडलेला बघायला मिळणं म्हणजे केवढी चैन! त्यापायी लोक सात-सात कोस चालत येत.

माझा एक मेहुणा पुण्यात असतो. तो बारामतीला आला तेव्हा त्याला मी मोठ्या हौसेनं तंबूत नेलं. बाहेर आल्यावर रुमालानं नाक पुसत म्हणतो, "नुसता धांगडधिंगा. यात बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "बाबा रे, ते दिसायला गेनू तात्यांचे डोळे लागतात. तुझं काम नाही ते." आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. बरंच झालं.

तंबूबाहेर मात्र तात्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. वांगी पिकवण्यात तालुक्यात त्यांचा हात धरणारा नव्हता, पण बाजारात टोपल्यापुढं असे बसत की गिऱ्हाईक जवळ यायला भ्यावं. कुणी वांगं दाबून बघितलं की टोपल्यावर घोंगडं टाकत. "दाबून काय बघता? माझं वांगं हाय, तुमचा गाल न्हाय." गिऱ्हाईक दुसरीकडं वळलं तरी चालेल, घोंगडं निघायचं नाही. त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं, "ह्ये काय खरं न्हाय." नवी सर्व्हिस मोटार धुरळा उडवत गेली, हे काय खरं न्हाय. पाटलाच्या थोरल्याचं लग्न ठरलं, हे काय खरं न्हाय. माझी बदली रद्द झाल्याचं मी आनंदानं सांगायला गेलो, तर माझ्याकडं दयेनं बघून म्हणाले, "मास्तर, ह्ये काय खरं न्हाय."

फक्त त्या दोन चोरांना ते खरं मानत. त्यांची नावंही त्यांनीच ठेवली होती, लांबोजी आणि ठेंगोजी. तंबूला जाताना लग्नातला पटका बांधून जात. बारामतीतला एकही खेळ त्यांनी चुकवला नाही. आणि मला चुका काढत! एकदा पाटी आली. मी ओरडलो, "बेत पक्का ठरला!" पुढच्या रांगेतून तात्या म्हणाले, "कुठं पक्का ठरला? लांबोजीचा ठरलाय. ठेंगोजी नुसती मान हलवतोय. त्याचं गुडघं बघा मास्तर." मी गुडघे बघितले. लटलट कापत होते! चार इयत्ता इंग्रजी शिकून मला पाटी वाचता येत होती, पण गुडघे वाचणारा तंबूत एकच होता. त्या दिवसापासून मी तात्यांना विचारून पाट्या वाचू लागलो. शेठनं तर त्यांचं तिकीटच माफ केलं.

एक गोष्ट मला बरेच दिवस खटकत होती. चित्राच्या शेवटाकडं दोघं खिडकीतून पळायला बघतात. लांबोजी सुटतो, ठेंगोजी कमरेपाशी अडकतो. आत पाय, बाहेर डोकं! मागून हवालदार येतोय. लांबोजी त्याला दोन हिसके देतो, घाबरतो आणि धूम ठोकतो. पार गल्लीच्या टोकापर्यंत जातो, थांबतो, डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटतो आणि परत येतो. ठेंगोजीचे हात धरून ओढतो, तर चौकटीसकट ठेंगोजी त्याच्या अंगावर. तंबूत सगळ्यात मोठा हशा इथं पिकायचा. माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळायची. आणि तात्या? ते लांबोजी पळाला की खाली मान घालत आणि तो परत आल्यावरच वर बघत. हसणं नाही की काही नाही.

अखेर एका बाजारच्या दिवशी मी विचारलंच. शाळेला सुट्टी होती. मी त्यांच्या गाडीतून बारामतीला निघालो होतो. मागं वांग्यांची टोपली, पुढं दोन बैल. एक तात्यांचा आणि एक मागून आणलेला. रोज वेगळा. दोन्ही बैलांचं जमायचं नाही, त्यामुळं गाडी सगळा रस्ता तिरकी चालायची.

"तात्या, खिडकीच्या जागी तुम्ही हसत का नाही?"

तात्यांनी कासरा आखडला. मग म्हणाले, "मास्तर, म्हादबाला वळखता न्हवं?"

म्हादबाला कोण ओळखत नव्हतं? त्यांच्या शेजारच्या रानाचा मालक. दोघांकडं एकेक बैल. आमच्याकडं अशा वेळी सावड करतात. दोघांनी आपापला बैल आणायचा, जोडी करायची आणि आळीपाळीनं दोघांची रानं करायची. तात्या आणि म्हादबांची सावड अठरा वर्षं चालली होती. भाऊ भांडतात, पण या दोघांचं कधी वाजलं नव्हतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी म्हादबा कालव्याचं पाणी चोरताना तिथल्या राखणदाराला, म्हणजे पाटकऱ्याला, सापडले. त्यांच्या पाण्याच्या पाळ्या हंगामभर बंद झाल्या आणि कांदा जागेवर जळाला. सावडही तेव्हाच मोडली. गावानं तात्यांची पाठ थोपटली होती. चोराची संगत सोडली, शहाणा माणूस!

"त्यो बेत माझा हुता," तात्या म्हणाले.

"पाणी चोरायचा?" मी विचारलं.

"माझी वांगी सुकत हुती. पाळीला आठ दीस अवकाश. रात्री समदीच पाणी चोरत्यात, म्हणून पाटकरी रात्री जागा असतोय. मी म्हनलं, म्हादबा, आपण भर दुपारी चोरू. पाटकरी चौकीत घोरत असतोय."

बेत उत्तम होता हे मी कबूल करतो. दोघं पहार घेऊन गेले, कालव्याचं दार उचललं, पाटाचा बांध फोडला. फक्त बांध फोडला तो भलत्या अंगाला. पाणी वांग्यांकडं जायचं सोडून थेट पाटकऱ्याच्या चौकीत शिरलं. पाटकरी जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला. तो जागा झाला तेव्हा त्याचा पटका दारातून तरंगत बाहेर निघाला होता आणि पटक्यामागं त्याची तंबाखूची चंची. तो बोंबलत बाहेर आला. तात्या उडी मारून काठावर गेले. म्हादबा मात्र मांडीपर्यंत गाळात रुतले.

"मी त्याचा हात धरून दोन हिसकं दिलं. निघंना. पाटकरी आला. मी पळालो मास्तर. घरी जाऊन हातपाय धुतलं आन् भाकरी खाल्ली."

"मग म्हादबांनी तुमचं नाव?"

"न्हाय घेतलं. एकटाच हुतो म्हनला. आजपातूर म्हनतोय." तात्यांनी बैलांना उगाचच हाकारलं. "त्याच्या हिरीला पाणी हुतं. पर मोट वढाया दुसरा बैल पायजे. माझा बैल न्यायला पायजे हुता. मला त्याच्याम्होरं उभं ऱ्हायाची लाज वाटली. मी गेलो न्हाय. आन् त्यानं बोलावलं न्हाय. कांदा पाण्यावाचून न्हाय जळाला, माझ्यामुळं जळाला."

गाडी तिरकी तिरकी बारामतीत शिरली. टोपली उतरवताना तात्या म्हणाले, "त्याला येक डाव ह्यो खेळ दाखवायचा हाय. मला बोलाया जमत न्हाय. लांबोजी माझ्यावतीनं बोलंल."

"तात्या, मुकं चित्र आहे ते."

"मुकाच बरा," तात्या म्हणाले.

मध्यस्थीचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मी म्हादबांच्या वस्तीवर गेलो. ते दावं वळत बसले होते. चित्राचं नाव काढल्याबरोबर म्हणाले, "चोरांचा खेळ? मी खऱ्यातला बघितलाय मास्तर. तिकीट बी लई पडलं." तोंड फिरवून पुन्हा दावं वळायला लागले. दोनदा गेलो, दोनदा तेच. तेवढ्यात तंबू बारामतीहून उठला आणि इंदापूरला गेला. तिथून पुढं तो सोलापुराकडं जाणार होता. म्हणजे इंदापूर गेलं की संपलं. तात्या पटका बांधून इंदापूरला गेले. मी शनिवारच्या अर्ध्या शाळेनंतर निघणार होतो. जाण्यापूर्वी शेवटचं म्हणून म्हादबांकडं गेलो आणि वैतागून म्हणालो, "नका येऊ. पण लांबून लांबून लोक येतात ते चित्र बघायला नव्हे, तर गेनू तात्यांना हसताना बघायला."

म्हादबांच्या हातातलं दावं थांबलं. "गेन्या हसतो?"

"तंबू हादरतो."

"अठरा वरसांत मी त्याचं दात बघितलं न्हाईत." मग धोतर झटकत उठले. "इंदापुरात माझी लेक दिलीया. तिच्याकडं जायाचंच हाय मला. चला, मोटारीला सोबत हुईल." लेकीकडं जायचं त्यांना कधीपासून होतं ते मी विचारलं नाही. मास्तर असलो तरी तेवढी अक्कल मला आहे.

दिवेलागणीला तंबू भरला. म्हादबा सगळ्यांत मागं, खांबाला टेकून, डोक्यावरून घोंगडं घेऊन बसले. खुर्च्यांवर इंदापुरातली बडी मंडळी होती आणि मधल्या खुर्चीत कालव्याचे एक साहेब. फिरतीवर आले होते. चित्र सुरू झालं. तात्या हसले आणि मग हवालदार पडला. तात्या हसले आणि मग शेगडी निघाली. मी मागं नजर टाकली तर म्हादबा पडद्याकडं बघतच नव्हते. घोंगड्यातून मान काढून ते तात्यांच्या पाठीकडं बघत होते.

खिडकी आली. ठेंगोजी अडकला. लांबोजीनं दोन हिसके दिले, घाबरला, धूम ठोकली. आणि फीत तुटली!

पडदा पांढराफटक. लोकांनी आरडाओरडा केला, शिट्ट्या मारल्या. शेठनं गॅसबत्ती लावली आणि मला खूण केली, काहीतरी बोला. मी घसा साफ करून म्हणालो, "मंडळी, यानंतर लांबोजी..."

"थांबा मास्तर." तात्या उभे राहिले होते. "म्होरं काय झालं त्ये मी सांगतो."

"सांगा तात्या!" लोक खूश झाले.

"लांबोजी पळाला. वांग्याच्या रानातनं पळाला. घरी जाऊन भाकरी खाल्ली."

तंबू हसला. कुणीतरी ओरडलं, "पडद्यावर वांग्याचं रान कुठनं आलं?"

"पडद्यावर न्हाय. सांगवीत." तात्यांचा पटका सुटून खांद्यावर आला होता, तो त्यांनी हातात धरला. "साहेब, दोन वरसांमागं सांगवीच्या म्हादबाचं पाणी तोडलं. ती चोरी माझी. बेत माझा, रान माझं. त्यो नुसता माझ्या सोबतीला आलता. त्यो गाळात अडकला आन् मी पळालो. चित्रातला परत येतोय. मी आलो न्हाय."

आता कुणी हसेना. साहेब खुर्चीतून पुढं झाले. आणि मागून खांबापाशी एकदम आवाज उठला.

"खोटं हाय साहेब! ह्येचं डोकं फिरलंय! रोज चोरांचा खेळ बघून बघून सोताला चोर समजाया लागलाय ह्यो! मी एकटाच हुतो!"

तात्या वळले. म्हादबांना बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते ओरडले, "पहार माझी हुती!"

"तुझ्या पहारीचं टोक मोडलंय! बांध कसला फोडतोस त्येनं?"

"म्हणून तर भलतीकडं फुटला!"

"साहेब, ह्येचं काय बी ऐकू नका!"

"साहेब, ह्येचंच ऐकू नका!"

तंबूत काय हलकल्लोळ झाला म्हणून सांगू! लोक उभे राहून बघत होते. दोन चोर चोरी आपल्याच अंगावर घ्यायला भांडताहेत असं चित्र अजून विलायतेतही निघालं नसेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि छाती फुगली होती. माझ्या गावची माणसं होती ती!

साहेबांनी काठी आपटली. "बस! एकाची शिक्षा भोगून झाली आहे. दुसऱ्यानं तोंडानं कबूल केलं आहे. गेनू तात्या, येती पाळी तुमच्या रानाला पाणी मिळणार नाही. बसा खाली. शेठ, खेळ चालू करा."

तात्यांनी हात जोडले. "लई उपकार झालं साहेब," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. तुटलेला तुकडा गेला तो गेलाच. चित्र सुरू झालं तेव्हा लांबोजी आणि ठेंगोजी एकाच कोठडीत बसले होते. मी मागं पाहिलं तर खांबाजवळ म्हादबा नव्हते.

सकाळी मोटारीच्या अड्ड्यावर दोघं भेटले. म्हणजे एकमेकांकडं पाठ करून उभे होते. मोटारीत मागच्या बाकावर एका टोकाला तात्या, एका टोकाला म्हादबा आणि मध्ये मी. इंदापूर मागं पडलं तरी कुणी तोंड उघडेना. मला वाटलं, केलं ते सगळं वाया गेलं. तात्या बाहेर बघत होते. रात्री अख्ख्या तंबूसमोर उभा राहिलेला माणूस, आता त्यांची मान वर होत नव्हती. तेव्हा मला उमगलं, तात्या तात्या करणारी माणसं त्यांना गावोगाव होती, पण अरे-तुरे करणारं दोन वर्षांत कुणी उरलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं म्हादबा माझ्या अंगावरून वाकून म्हणाले, "गेन्या."

तात्या दचकले.

"वांगी जळतील की, येड्या."

"जळू दे."

"जळू दे काय, जळू दे? फुलं लागल्यात. काल यताना बघितलं मी." म्हादबा चिडले होते. "माझ्या हिरीला पाणी हाय. उंद्या दिस उगवायला बैल घिऊन ये. मोट धरू. तुझ्या रानापातूर पाट वढावा लागंल, आन् ह्या टायमाला बांध मी फोडणार. तू हात लावायचा न्हाय."

पटक्याच्या सोग्यानं तात्या डोळे पुसत राहिले. मी दोघांच्या मधून उठलो आणि पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो.